शिल्लक म्हणजे नफा नव्हे

दीपावली जवळ आली की व्यापारी घरांत नव्या वह्यांची चौकशी सुरू होते. आता बहुतेक दुकानांचा हिशेब संगणकात असतो आणि आर्थिक वर्षही एप्रिलपासून धरले जाते. तरी लाल कापडी बांधणीची निदान एक वही आणावी, तिच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखावे आणि भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या मंगल दिनी तिचे पूजन करावे, ही रीत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. वही दरवर्षी नवी येते. ती कशी लिहावी हे शिकवणारी पिढी मात्र एकेक करून उठून जात आहे. दुकान, गाळा, बँकेतील ठेव, शेतीचा सातबारा या गोष्टी वडील मुलांच्या नावे करून जातात. व्यवहाराचे शहाणपण कोणाच्या नावे करून देण्याची सोय मात्र कोणत्याच कचेरीत नाही. ते पेढीवर शेजारी बसूनच घ्यावे लागते.

या महिन्याच्या लेखात माझ्या वडिलांविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ते कोणी थोर पुरुष नव्हते. वर्तमानपत्रात त्यांचे नाव एकदाच छापून आले, ते निधनवार्तेत. परंतु करसल्लागार म्हणून गेली तीस वर्षे मी अनेक घरांच्या वह्या पाहत आलो आहे, आणि वसलेली व बुडालेली दुकाने पाहताना पुष्कळदा अण्णांचे एखादे वाक्य आठवते. ती वाक्ये माझ्यापाशीच राहू नयेत, एवढाच या लेखाचा हेतू.

अण्णांचा जन्म १९३८ सालचा, वारणाकाठच्या एका लहान खेड्यातला. दीड एकर जमीन, पाच भावंडे आणि वडिलांचे अकाली निधन, अशी घरची परिस्थिती. सातवीची परीक्षा झाल्यावर, १९५२ साली, चौदाव्या वर्षी ते सांगलीस आले आणि गणपती पेठेतील एका अडत दुकानात राहू लागले. ‘नोकरीस लागले’ असे म्हणता येत नाही, कारण पहिली दोन वर्षे पगार नव्हता. दोन वेळचे जेवण, पोत्यांच्या थप्पीशेजारी झोपायची जागा आणि वर्षाला कपड्यांचे दोन जोड, एवढाच करार होता. पहाटे दुकान झाडणे, हमालांसाठी पाण्याचे माठ भरणे, दिवाणजींची दौत आणि टाक तयार ठेवणे ही कामे. दुपारी बाजार थंडावला की दिवाणजी जुन्या वह्यांची उरलेली कोरी पाने देत. त्यांवर अण्णा नोंदी गिरवीत बसत. चार वर्षांत ते रोजमेळ लिहू लागले आणि आठ वर्षांत दुकानाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आल्या.

१९६६ साली त्यांनी स्वतःचे दुकान काढले. एक भाड्याचा गाळा, एक काटा आणि एक हमाल. भांडवल जुन्या शेठजींनीच दिले, मात्र व्याजाने. अण्णा ही गोष्ट अभिमानाने सांगत. “शेठजींनी फुकट दिलं असतं, तर मी जन्मभर त्यांचा नोकरच राहिलो असतो. व्याज लावलं म्हणून व्यापारी झालो,” असे ते म्हणत.

हळदीचा हंगाम माघापासून वैशाखापर्यंत. त्या दिवसांत अण्णा पहाटे साडेचारला उठत, मंदिरात दर्शन घेऊन उजाडण्याच्या आत दुकानात जात. रात्रभर चालून आलेल्या बैलगाड्या सुटलेल्या असत; गाडीवानांना आधी चहा आणि मगच मालाची गोष्ट, हा त्यांचा क्रम होता. हमाल आजारी असला तर ते स्वतः पोत्याला खांदा लावीत. हंगामात त्यांच्या हातांची पिवळी छटा कितीही धुतली तरी जात नसे. आम्हा मुलांना तो त्यांचा मूळचा वर्णच वाटे.

आता ज्या वाक्यावरून या लेखास नाव दिले आहे, त्याकडे वळतो.

देशी नामा ज्यांनी शिकला आहे त्यांना ठाऊक आहे की वहीच्या पानाची डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. पैसा दुकानात आला की तो डावीकडे लिहायचा. परंतु नुसता ‘आला’ असे लिहून चालत नाही. तो ज्याच्याकडून आला, त्याच्या खात्याला तो जमा होतो. सुटीत आम्ही भाऊ पेढीवर जाऊन बसत असू, तेव्हा अण्णांनी शिकवलेला हा पहिला धडा. गल्ला उघडून ते विचारीत, “हे पैसे कुणाचे?” लहानपणी आम्ही “आपले” असे उत्तर देत असू. मग ते वही पुढे ओढून प्रत्येक नोंदीवर बोट ठेवीत. हे कवठ्याच्या पाटलांच्या पट्टीचे, हे खरेदीदाराने आगाऊ दिलेले, हे हमालांच्या ठेवीचे, हे बँकेचे. बोट पानाच्या तळाशी पोहोचेपर्यंत गल्ल्यातला बहुतेक पैसा वाटला गेलेला असे. “शिल्लक म्हणजे नफा नव्हे,” एवढे बोलून ते वही मिटीत.

अडतीच्या धंद्यात या वाक्याला फार वजन आहे. समजा, शंभर रुपयांचा माल विकला आणि अडत तीन रुपये धरली. गल्ल्यात शंभर येतात, त्यांतले सत्त्याण्णव परक्याचे. उरलेल्या तिनांतून दिवाणजीचा पगार, गाळ्याचे भाडे, दिवाबत्ती आणि बँकेचे व्याज जाऊन जे राहील ते आपले. परंतु डोळ्यांना दिसतात ते शंभर. हंगामाच्या भरात रोज असे हजारो रुपये हातातून जातात, आणि मनुष्य हळूहळू त्या वाहत्या पैशाच्या मापाने घर बांधू लागतो, लग्ने करू लागतो, मोटार घेतो. शेतकऱ्याची पट्टी आज न देता आठ दिवसांनी देऊ, असे एकदा मनाने घेतले की पुढची वाट उताराची असते. माझ्या व्यवसायात बुडालेली जी दुकाने मी जवळून पाहिली, त्यांपैकी फारच थोडी तोट्याने बुडाली. बाकीच्यांच्या वह्यांत शेवटच्या महिन्यापर्यंत शिल्लक भरपूर दिसत होती.

अण्णांचा नियम असा की सौदा झालेल्या मालाची पट्टी त्याच दिवशी, शेतकरी गाडी जुंपण्यापूर्वी द्यायची. खरेदीदाराकडून पैसे पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने येत. मधल्या दिवसांचा भार दुकानाने सोसायचा. तो भार झेपेल एवढाच माल दुकानात घ्यायचा. पेठेतील कितीतरी दुकानांपुढे आमच्यापेक्षा अधिक गाड्या सुटत. अण्णा त्या मोजीत नसत.

वजन-मापाच्या बाबतीत त्यांच्यावर जुन्या शेठजींचा संस्कार होता. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. त्यामुळे प्रत्येक लहान व्यवहारात अपूर्णांक येऊ लागला. तीन आण्यांचे हिशेबाने पावणेएकोणीस होत. सरकारी कोष्टकात ते एकोणीस धरले होते. बाजारात मात्र देताना अठरा आणि घेताना एकोणीस असे प्रकार चालत. अण्णा त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते आणि हमाली-तोलाईच्या लहान रकमा तेच चुकवीत. शेठजींनी त्यांना उलटा हुकूम दिला. देताना एकोणीस द्यायचे, घेताना अठरा घ्यायचे. दिवाणजींनी कुरकुर केली तेव्हा शेठजी म्हणाले, “बाजारात नाव विकत घ्यायला याहून स्वस्त भाव पुन्हा मिळायचा नाही.” त्या वर्षी अशा पैशांची बेरीज किती झाली, हे अण्णांनी दिवाळीला मुद्दाम काढून पाहिले होते. एका पोत्याच्या किमतीएवढीही ती भरली नव्हती.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, मापात कमी-अधिक करणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे. अण्णांनी शास्त्राचा अभ्यास फारसा केला नव्हता. परंतु हे पाच त्यांना पाठ होते, आणि ते म्हणत की या यादीतले निदान चार तरी बाजारात बसल्याशिवाय सुचणारच नाहीत. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना कृत्रिम रंग चढवण्याची युक्ती बाजारात जुनी आहे. त्यासाठी वापरला जाणारा लेड क्रोमेट हा शिसेयुक्त रंग शरीरात, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला, अपाय करतो हे आज सर्वांस ठाऊक आहे. अण्णांना त्यातले रसायन ठाऊक नव्हते. ते हळकुंड मोडून आतला रंग पाहत, फरशीवर टाकून त्याचा आवाज ऐकत, आणि गिऱ्हाईकाने अधिक पिवळा माल मागितला तर म्हणत, “पिवळेपणा मोडून दाखवतो, वरून लावून देत नाही.” त्यापायी काही मोठे खरेदीदार आमच्याकडून गेले ते परत आले नाहीत, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

सांगलीच्या हळदीची गोष्ट पेवांवाचून पुरी होत नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर गावाची माती अशी, की तिथे जमिनीत खोल खड्डा खणून हळद वर्षानुवर्षे साठवता येत असे. तोंड अरुंद, पोट रुंद. आतून सारवण, पाला आणि चटया. तोंडावर दगडी झाकण आणि वर माती. एका पेवात शेकडो पोती मावत आणि हळदीला कीड लागत नसे. मात्र पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा तिथला पहिला नियम. आतली हवा श्वास घेण्याजोगी नसते. काही तास तोंड उघडे ठेवायचे आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरेल. विझली तर थांबायचे.

अण्णांनी हा नियम पेवापुरता ठेवला नाही. घरात कोणी घाईने निर्णय घेऊ लागला की ते विचारीत, “कंदील सोडला का?” एकदा परप्रांतातील एका व्यापाऱ्याने बाजारभावापेक्षा चढ्या दराने दोनशे पोत्यांची मागणी केली, पैसे पंचेचाळीस दिवसांनी. थोरले बंधू त्या वेळी नुकतेच दुकानात बसू लागले होते. त्यांचा उत्साह स्वाभाविक होता. अण्णांनी नकार दिला नाही. दहा पोती पाठवली. त्या दहा पोत्यांचे पैसे येईपर्यंत अकरावे पोते हलवायचे नाही, असे सांगितले. पैसे आले, पण दोन महिने उशिरा आणि तीन पत्रे गेल्यावर. पुढे त्या व्यापाऱ्याने हात वर केले, तेव्हा पेठेतील इतर काही दुकानांचे मोठे नुकसान झाले. आमचा कंदील विझला होता, माणूस वर होता.

जामीन राहण्याबाबतही हेच. नातलगाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ते एक रात्र मागून घेत आणि दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न स्वतःला विचारीत. ही रक्कम मला उद्या भरावी लागली, तर हा मनुष्य मला पूर्वीइतकाच प्रिय राहील का? उत्तर ‘नाही’ आले, तर सही करण्याऐवजी झेपेल तेवढी रक्कम रोख देत आणि ती परत येणार नाही असे धरून चालत.

उधारीसंबंधीचा त्यांचा एक विचार १९७२ च्या दुष्काळातला आहे. शेतकऱ्यांनी घेतलेली उचल फिटण्याची आशा नव्हती. अण्णांनी त्या वर्षी व्याज मांडणे थांबवले; मुद्दल मात्र सोडले नाही. ते म्हणत, “व्याज सोडलं तर माणूस पुढच्या वर्षी पेरतो. मुद्दल सोडलं तर तो पुढच्या वर्षी तोंड चुकवतो.” त्यांच्या मते माणसाला कर्जातून सोडवण्याइतकेच त्याचे ताठ मानेने दुकानात येणे महत्त्वाचे होते. त्या दुष्काळातली मुद्दले फिटायला सहा-सात वर्षे लागली. बहुतेक फिटली.

अण्णांच्या या सर्व शहाणपणाची खरी परीक्षा २००५ साली झाली. त्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले. आमची तीन पेवे होती. दोहोंत दुकानाचा स्वतःचा माल होता. तिसऱ्यात नऊ शेतकऱ्यांची हळद होती, भाव वाढेल या अपेक्षेने चैत्रात ठेवलेली. पूर ओसरल्यावर पेवे उघडली तेव्हा आतून येणाऱ्या वासानेच सारे कळले.

ठेवलेल्या मालाची जोखीम मालकाची, अशी रीत होती आणि पावतीवरही तसे छापलेले होते. दुकानाचे स्वतःचे नुकसान मोठे होते. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की आपण कोणाचे काही लागत नाही. कायद्याने ते बरोबर होते. अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद घेतला आणि नऊ नावे लिहून त्यांपैकी सहांपुढे खूण केली. ते म्हणाले, “या सहांना ‘थांबा, भाव चढेल’ असं मी सांगितलं होतं. बाकीचे तिघे आपल्या मनानं थांबले.”

सहांना त्यांनी निम्मी किंमत द्यायचे ठरवले, तीही चैत्रात माल आला त्या दिवशीच्या भावाने. पूर्ण का नाही, असे मी विचारले. “सल्ला माझा होता, निर्णय त्यांचा. निम्मं निम्मं,” एवढेच त्यांचे उत्तर. उरलेल्या तिघांना त्यांनी बोलावून स्पष्ट सांगितले की तुमचे देणे माझ्याकडे निघत नाही. अडचण असेल तर बियाण्यापुरती मदत करीन, ती परत करू नका. एकाने घेतली, दोघांनी घेतली नाही. देणे आणि दान यांत त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही. देण्यात दया आणली की घेणारा लाचार होतो आणि दानात हिशेब आणला की देणारा सावकार होतो, असे ते मानीत.

पैसे उभे करण्यासाठी विश्रामबागेतील मोकळी जागा विकावी लागणार होती. घर बांधण्यासाठी बारा वर्षे राखलेली ती जागा आईच्या नावे होती. अण्णांनी आईला सर्व सांगितले. आईने विचारले, “तुम्ही थांबा म्हणालात, हे कुठं लिहून ठेवलंय का कुणी?” अण्णा म्हणाले, “नाही.” “म्हणजे तुम्हांला आठवतंय, म्हणून द्यायचं?” “हो, म्हणूनच.” आईने दुसऱ्या दिवशी कपाटातून कागद काढून दिले. त्या जागेवर आईने मनात एक स्वयंपाकघर बांधून ठेवले होते, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. ती अखेरपर्यंत भाड्याच्या घरात राहिली.

ही गोष्ट ऐकून वाचकांना वाटेल की या प्रामाणिकपणाचे फळ दुकानास मिळाले असेल. तसे सरळ काही घडले नाही. त्या सहांपैकी दोघांनी दोन वर्षांत आपला माल दुसऱ्या दुकानी नेला. थोरल्या बंधूंना ते लागले आणि त्यांनी अण्णांना तसे बोलूनही दाखवले. अण्णा शांतपणे म्हणाले, “आपण देणं फेडलं होतं, गिऱ्हाईक विकत घेतलं नव्हतं.” बंधूंचे आजही त्या निर्णयाविषयी पूर्ण समाधान नाही. दुकान तेच चालवतात, आणि शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी देतात. एखादा शेतकरी माल ठेवू का असे विचारतो, तेव्हा मात्र ते “तुम्ही ठरवा” म्हणतात. वडिलांची शिकवण प्रत्येक मुलात अशी निराळ्या रूपाने उतरत असावी.

कष्टाळू वडिलांच्या आठवणी लिहिताना एक बाजू आपण सहसा झाकून ठेवतो. अशा घरांत मुलांच्या वाट्याला वडील फार थोडे येतात. हंगामात अण्णा शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमास आले नाहीत. माझ्या पदवीदान समारंभाच्या दिवशी बाजारात नवा माल उतरला होता. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. उतारवयात एकदा ते आपणहून म्हणाले, “दुकान उघडायची वेळ मी ठरवली, बंद करायची ठरवायची राहून गेली.” व्यापारी पित्यांनी हे वाक्यही त्यांच्या इतर वाक्यांच्या पंक्तीला ठेवावे, असे मला वाटते.

त्यातही एका नियमाने आम्हांला वाचवले. अण्णांचा रात्रिभोजनाचा त्याग होता. सूर्यास्तापूर्वी ते जेवणासाठी घरी येत, मग पुन्हा दुकानात जात. काम कितीही असो, दिवस मावळण्याच्या आत अर्धा तास ते आमच्या पंक्तीला असत. व्रत घेताना त्यांच्या मनात जीवदयेचा विचार होता. परंतु त्या व्रतामुळे चार मुलांना रोज अर्धा तास वडील मिळाले. आज घरातील प्रत्येकाच्या जेवणाची वेळ निराळी झाली आहे, तेव्हा या लाभाचीही आठवण ठेवण्यासारखी आहे.

क्षमावाणीचा दिवस ते विशेष प्रकारे पाळीत. वर्षभरात ज्यांच्याशी हिशेबावरून वाद झाला असेल त्यांची दोन-चार नावे त्यांच्या खिशातील चिठ्ठीवर असत. त्या प्रत्येकाच्या दुकानी ते स्वतः जात. क्षमा मागत आणि तिथेच बसून वादाचे खाते मिटवीत. “क्षमा मागायची आणि खातं उघडं ठेवायचं, हा नुसता उपचार,” असे ते म्हणत. ज्यांच्याशी काही वाद नाही अशा शंभर जणांना शुभेच्छा पाठवणे सोपे असते. त्या चिठ्ठीवरची चार घरे गाठणे कठीण असते.

शेवटी त्यांचा एक परिपाठ सांगतो, कारण माझ्या व्यवसायात त्याचे मोल मला रोज दिसते. दरवर्षी वहीपूजनाच्या आदल्या दिवशी अण्णा घरातील सर्वांना एकत्र बसवीत. आई, आम्ही भाऊ, दोन्ही बहिणी, पुढे सुनाही. मग ते खाती वाचून दाखवीत. आधी देणी, नंतर येणी. कोणाचे किती, कशाबद्दल, केव्हापर्यंत. कोणाच्या कागदावर जामीन आहोत, कोणाची ठेव आपल्याकडे आहे, विम्याचे कागद आणि बँकेची किल्ली कोठे आहे. लहानपणी आम्हांला ते फार कंटाळवाणे वाटे. एका बहिणीने विचारले होते की हे ऐकून मी काय करणार, मी तर सासरी जाणार. अण्णा म्हणाले, “मी नसताना कुणी दारात आला, तर घरातल्या कुणालाही उत्तर देता आलं पाहिजे.”

२०१३ साली अण्णा गेले. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते पाहण्यास ते नव्हते. त्यांच्या मागे आमच्या दारी कोणी अनोळखी देणेकरी म्हणून आला नाही आणि आम्हांलाही कोणाकडे जाऊन “वडिलांनी तुम्हांला काही दिले होते का” असे चाचपडत विचारावे लागले नाही. सुतकाचे दिवस आम्ही त्यांच्या आठवणींत घालवू शकलो, कागद शोधण्यात नव्हे. घरचा कर्ता अचानक जातो आणि पत्नीला दुकानाच्या कर्जाचा आकडा तेराव्या दिवशी परक्याकडून कळतो, अशी घरे मी इतकी पाहिली आहेत की या गोष्टीचे मोल मी अधिक सांगावयास नको.

वाचकहो, आपल्या घरी संगणक असो वा वही, या दीपावलीस पूजनाच्या आदल्या दिवशी एक तास काढावा. पत्नी, मुले, मुली, सुना यांना समोर बसवून आधी देणी आणि मग येणी मोठ्याने वाचावीत. वाचता वाचता एखाद्या नोंदीपाशी आवाज अडखळेल. दिवाळीनंतर पहिल्याने ते खाते मिटवावे.